वीस मिनिटं काहीच घडलं नाही? म्हणजे गाडी चांगली चालली

प्रश्न थोडक्यात असा होता: नवरा अडतीस वर्षांचा, आयटीत. रोज रात्री जेवण झालं की दीड-दोन तास कंप्युटरवर मालगाडी चालवतो. मारामारी नाही, स्टोरी नाही, लेव्हल नाही, आणि गाडी रुळावर असल्यामुळे वळवायचीसुद्धा नाही. एकदा शेजारी बसून बघितलं तर वीस मिनिटांत काही म्हणजे काहीच घडलं नाही. यात गंमत काय आहे, आणि मी काळजी करावी का?

ताई, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी २००२ पासून हेच करतोय. सुरुवात मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरपासून झाली, तो २००१ साली आला होता, मी मित्राच्या मोठ्या भावाच्या कंप्युटरवर बघितला आणि अडकलो. आता जास्त करून ओपन रेल्स, जो फुकट आहे आणि त्या जुन्या गेमच्या फायली चालवतो, आणि मधूनमधून ट्रेन सिम वर्ल्ड. लग्नानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात बायकोनं मला अगदी हाच प्रश्न विचारला होता आणि मी 'मजा येते' असं फालतू उत्तर दिलं होतं, तेव्हा यावेळी जरा नीट प्रयत्न करतो.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही वीस मिनिटं बघितलंत, त्यात घडत भरपूर होतं, ते तुम्हाला दिसलं का नाही हा प्रश्न आहे. आणि त्याचं कारण असं की या गेममध्ये जे पडद्यावर दिसतं ते आधीच ठरून गेलेलं असतं, दीड-दोन किलोमीटर मागे. चालवणाऱ्याचं डोकं गाडीच्या पुढे असतं, बघणारा गाडीत असतो. दोघं एकाच खोलीत बसलेले असले तरी एकाच ठिकाणी नसतात.

आता हे सगळ्यांना लागू नाही, ते आधी सांगतो. या छंदात चार-पाच प्रकारची माणसं आहेत. काहीजण गाडी चालवतच नाहीत, वर्षानुवर्षं रूट बनवतात, एकेक खांब, एकेक फाटक, स्टेशनवरची पाण्याची टाकीसुद्धा फोटो बघून. काहींना फक्त सिग्नलची केबिन चालवायची असते, सिमसिग नावाचा ब्रिटिश प्रकार आहे त्यात गाडी दिसतच नाही, नुसत्या रेघा आणि दिवे, आणि लोक त्यात रविवार घालवतात. काहीजण नुसती इंजिनं गोळा करतात. तुमचे मिस्टर मालगाडी चालवतात म्हणालात, म्हणजे ते माझ्या जातीचे, चालवणारे, आणि त्यातही पॅसेंजर सोडून मालगाडी निवडणारे म्हणजे जरा मुरलेले दिसतायत. त्यामुळे मी माझ्यावरून सांगतो ते बऱ्यापैकी त्यांना लागू पडावं.

तर वजनाचं बघा. आपल्याकडची भरलेली कोळशाची मालगाडी, बॉक्स-एन जातीच्या ५८ वाघिणी, म्हणजे मालडबे, साधारण ४७०० टन. (वाघीण हा शब्द मला फार आवडतो, हल्ली कोणी म्हणत नाही.) लांबी सहाशे-सातशे मीटर. एवढं धूड स्टीलच्या रुळावर स्टीलच्या चाकांनी चाललेलं असतं, म्हणजे घर्षण फारच कमी, म्हणून तर एवढं वजन ओढता येतं, पण तीच गोष्ट थांबवताना अंगाशी येते. कारमध्ये समोर कुत्रं दिसलं की पाय ब्रेकवर जातो आणि गाडी थांबते. इथे समोर दिसलं म्हणजे उशीर झालेला असतो. जे दिसत नाही त्याच्यासाठी ब्रेक लावायचा असतो.

आणि ब्रेक म्हणजे नुसतं दाबायचं बटण नाही. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हवेचा पाइप गेलेला असतो, आपल्याकडे त्यात दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोचं प्रेशर ठेवतात. पायलट, म्हणजे इंजिन चालवणारा, प्रेशर कमी करतो, समजा पाचवरून साडेचार, की प्रत्येक वाघिणीत साठवलेली हवा तिचा ब्रेक लावते. उलटं आहे ना? हवा सोडली की ब्रेक लागतो, भरली की सुटतो, म्हणजे पाइप तुटला तरी गाडी आपोआप थांबेल अशी सोय. पण ती खबर शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि सुटल्यावर परत हवा भरायला तर त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे तुम्ही आज जो ब्रेक लावताय तो थोड्या वेळापूर्वी तुम्ही काय केलं होतं त्यावर अवलंबून असतो. हिशोब ठेवावा लागतो. तुमचे मिस्टर गप्प बसलेले दिसतात तेव्हा ते हा हिशोब ठेवत असतात.

हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण पुस्तकातून नाही कळलं. त्या जुन्या गेममध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला मरायस पास नावाचा घाट होता. मी मूळचा कर्जतचा, घाट म्हणजे आपला प्रांत असं वाटायचं. सहा महिने पॅसेंजर चालवून हात बसलाय असं समजून मी एक लांबलचक मालगाडी घेऊन त्या घाटाच्या माथ्यावरून खाली निघालो. वेग वाढायला लागला, ब्रेक लावला, जरा जास्तच लागला, गाडी फार हळू झाली, म्हणून सोडला. आता अमेरिकन मालगाडीच्या ब्रेकची गंमत अशी की तो 'थोडा कमी' होत नाही, सोडला की पूर्ण सुटतो. परत वेग आला, परत लावला, यावेळी जरा कमी लागला कारण वाघिणींमधली हवा पूर्ण भरली नव्हती. परत सोडला, परत लावला. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी दांडा पूर्ण ओढला आणि काहीही झालं नाही. वेगाचा काटा शांतपणे वर जात राहिला. पुढे वळण होतं. त्या वळणाला मी पोचेपर्यंत मिनिटभर तरी गेलं असेल आणि त्या मिनिटात मला काहीच करता येत नव्हतं, कारण चूक करून झाली होती, ती फक्त अजून दिसायची होती.

अंगाला घाम फुटला, खोटं नाही सांगत. खुर्चीत बसलेलो, घरात आईनं कुकर लावलेला, आणि मला घाम.

मग पुढचे दोन आठवडे मी तोच उतार उतरत होतो. उपाय सोपा आहे पण धीर लागतो: माथ्यावरच, वेग कमी असतानाच, बेताचा ब्रेक लावून ठेवायचा आणि तो सोडायचा नाही. वरखाली जे काय करायचं ते इंजिनाच्या डायनॅमिक ब्रेकनं, म्हणजे मोटरींनाच जनरेटर करून वेग धरून ठेवायचा तो. जमलं की गाडी अख्खा घाट एकाच वेगात उतरते, काटा जागचा हलत नाही. ज्या दिवशी मला पहिल्यांदा जमलं त्या दिवशी भाऊ मागे उभा होता. म्हणाला, बंद पडलाय का रे गेम?

हेच तुमच्या बाबतीत झालंय. चांगली चालवलेली गाडी बघायला अत्यंत कंटाळवाणी असते. धक्का बसला, ब्रेक करकचून लागला, लाल सिग्नलच्या पुढे जाऊन थांबली, तर बघणाऱ्याला काहीतरी घडल्यासारखं वाटेल.

अजून एक साधं उदाहरण देतो, पुढच्या वेळी शेजारी बसलात तर पकडता येईल. समजा पुढे रुळाचं काम चाललंय म्हणून ताशी ३० किलोमीटरचं बंधन आहे. इंजिन त्या तुकड्यातून बाहेर आलं, रस्ता मोकळा दिसतोय, पण वेग वाढवायचा नाही, कारण शेवटची वाघीण अजून आत आहे. ३० च्या वेगानं सातशे मीटर जायला जवळजवळ दीड मिनिट लागतं. ते दीड मिनिट माणूस नुसता बसलेला दिसतो. आणि घाईत आधी वेग वाढवला तर कोणी ओरडतही नाही, काही गेममध्ये फक्त शेवटी दोन मार्क कापले जातात. तरी माणूस थांबतो. का थांबतो याचं उत्तर माझ्याकडेही नीट नाही, पण जो थांबतो तो या छंदात टिकतो एवढं बघितलंय.

कर्जतचं म्हणालो म्हणून सांगतो. घाटाखालचं स्टेशन, त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना तिथे मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लागायचे, अजूनही लागतात. कर्जत ते लोणावळा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, १८६३ पासून तो घाट असाच घाम काढतोय. लहानपणी डब्ल्यूसीजी-२ इंजिनं बघायचो मी, मागून हळूच येऊन टेकायची, धक्का लागला की डब्यातल्या लोकांच्या हातातला वडापाव हलायचा. आणि मग पुढच्या आणि मागच्या इंजिनांच्या शिट्ट्या, एकमेकांना उत्तर दिल्यासारख्या. तर या मोंटानाच्या घाटात वर जाताना एसेक्स म्हणून एक गाव लागतं, १.८ टक्क्यांचा चढ तिथूनच खरा सुरू होतो, आणि त्या गावात मदतीची इंजिनं उभी असतात. मी कधी अमेरिकेला गेलेलो नाही. पण एसेक्स म्हणजे तिथलं कर्जत हे मला कळलं तेव्हा, कसं सांगू, ओळखीचा माणूस परगावी भेटल्यासारखं झालं. कुठल्याही घाटाखालच्या स्टेशनात थांबायचं कारण एकच असतं.

हा या छंदाचा दुसरा भाग, जागा माहीत होणं. खऱ्या पायलटला नवीन सेक्शनवर गाडी देण्याआधी तो रस्ता शिकावा लागतो, ते लोक लर्निंग रोड म्हणतात, दुसऱ्या पायलटबरोबर फेऱ्या मारून. कुठे चढ, कुठे उतार, कुठला सिग्नल वळणाआड आहे. गेममध्ये तेच होतं, दहा-बारा फेऱ्यांनंतर नकाशा लागत नाही, 'तो पूल गेला की नॉच (इंजिनाच्या जोराची पायरी) खाली, तो मोबाइल टॉवर दिसला की ब्रेक' असं हाताला कळायला लागतं. त्या पहिल्या गेममध्ये जपानचा हिसात्सु नावाचा डोंगरातला रूट होता, ओकोबा नावाच्या स्टेशनाशी गाडी डोंगरात गोल वळसा घेते आणि वर उलटी दिशा बदलून झिगझॅगही करते. (आपल्या बोरघाटातही पूर्वी अशी दिशा बदलायची जागा होती, पुढे काढून टाकली.) मी तो रूट शेकडो वेळा चालवला असेन. २०२० च्या जुलैत तिथे पूर आला, कुमा नदीवरचे पूल वाहून गेले आणि त्या भागातल्या गाड्या बंद पडल्या. बातमी वाचली तेव्हा मला जे वाईट वाटलं ते कोणाला सांगताही येईना, कारण सांगणार काय, मी न गेलेल्या गावची गाडी बंद झाली म्हणून? रात्री उठून एक फेरी मारली तिथे. गाडी वेळेवर होती.

आता 'खऱ्यासारखं' कितपत हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आमच्यातले काही लोक फुशारक्या मारतात. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका होते, मोटरमन म्हणून रिटायर झालेले. माझ्याकडे हौशी पोरांनी बनवलेला लोकलचा रेक, म्हणजे अख्खी गाडी, होता, मोठ्या अभिमानानं त्यांना बसवलं, म्हटलं काका लावा प्लॅटफॉर्मला. त्यांनी लावली आणि दीड डबा पुढे गेले. मी मनातून खूश. ते म्हणाले, "बुडाखाली काही कळत नाही रे यात." आणि बरोबर होतं ते. खरी गाडी ब्रेक धरते ते शरीराला आधी कळतं, काट्याला नंतर. गेममध्ये ते ज्ञानेंद्रियच नाही, सगळं डोळ्यांनी आणि कानांनी करायचं. मग त्यांनी दुसऱ्यांदा घेतली, यावेळी स्पीडकडे बघितलंच नाही, प्लॅटफॉर्मचं टोक कुठे येतंय तेवढंच बघत राहिले, आणि बारा डब्यांच्या बोर्डाशी अशी उभी केली की मला आजही तशी जमत नाही. पण मग चष्मा काढून म्हणाले, "पावसाळ्यात रुळ ओला असतो तेव्हा कसं करतोस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी नेहमी ऊनच लावायचो.

तर हे ट्रेनिंग नाही. रेल्वे पायलटना सिम्युलेटरवर शिकवते, पण ती यंत्रं वेगळी आणि शिकवणारेही वेगळे. रात्रपाळी, केबिनमधला उन्हाळा, रुळावर आलेलं माणूस, हे काही आमच्या वाट्याला येत नाही, आणि आलं असतं तर आम्ही हा खेळ खेळलो नसतो.

खर्चाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगून ठेवतो. ओपन रेल्स फुकट, आणि त्यावर चालणारी भारतीय इंजिनं, डबे, रूट बहुतेक हौशी लोकांनी, त्यातही कॉलेजच्या पोरांनी, रात्री जागून बनवलेली आहेत. ती बसवताना मात्र फायली सापडत नाहीत, फोल्डर चुकतात, डबे पांढरे दिसतात, दोन रविवार त्यातच जातात. याउलट विकत मिळणारे गेम एकदम देखणे, पण त्यात प्रत्येक रूटचे आणि प्रत्येक इंजिनाचे वेगळे पैसे. ट्रेन सिम्युलेटर क्लासिकची सगळी जोडणी घ्यायची म्हटली तर हिशोब लाखांत जातो, अर्थात कोणी सगळी घेत नाही, सेलमध्ये एखादी घ्यायची असते. स्टीम म्हणजे हे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, त्याची बिलं बघा एकदा, तेवढं पुरे. वाढदिवसाला काही द्यायचं मनात असेल तर महागडा कंट्रोलर नको, चांगले हेडफोन द्या. इंजिनाचा आवाज हा निम्मा गेम आहे. जुन्या अल्को डिझेल इंजिनाचा नॉच एकेक करत आठपर्यंत चढतानाचा आवाज ऐकला की आमच्या पिढीचे लोक जेवायचे थांबतात.

काळजीबद्दल. हे खरंच परिस्थितीवर आहे आणि मी तुमच्या घरात नाही. झोप उडतेय, ऑफिसला उशीर होतोय, मुलांना 'नंतर' सांगितलं जातंय, असं असेल तर गाडी असो की पत्ते, बोलायलाच पाहिजे. पण दीड-दोन तास आणि मग झोप, असं असेल तर मला स्वतःला काही वावगं दिसत नाही. एक सोय मात्र या खेळात आहे जी बाकीच्या बऱ्याच गेममध्ये नाही: फेरी किती वेळाची ते सुरू करतानाच माहीत असतं, वेळापत्रक असतं ना. तेव्हा 'किती वेळ खेळणार' असं मधेच विचारण्यापेक्षा बसतानाच 'आज कुठपर्यंतची गाडी' असं विचारा. 'इतकी मिनिटं' असं नेमकं उत्तर मिळेल, आणि गाडी पोचली की ते उठतील, कारण पोचल्यावर करायला काही उरत नाही. आयटीतल्या माणसाला हे केवढं सुख आहे ते तुम्ही त्यांनाच विचारा, आमच्याकडे तिकिटं, म्हणजे कामाच्या तक्रारींच्या नोंदी, बंद केली की दुसऱ्या दिवशी परत उघडतात, मी पण त्याच धंद्यातला आहे.

आणि खरंच बघायची इच्छा असेल तर नुसतं बघू नका, असिस्टंट व्हा. खऱ्या इंजिनातही दोघं असतात, आणि सिग्नल दिसला की दोघांनी तो मोठ्यानं बोलायचा असतो. चारच गोष्टी लक्षात ठेवायच्या: हिरवा म्हणजे चला. दोन पिवळे म्हणजे पुढच्या सिग्नलला जरा जपून. एक पिवळा म्हणजे त्याच्यापुढच्या सिग्नलला थांबायची तयारी. लाल म्हणजे थांबा. गाडी परदेशातली असेल तर रंगांचे अर्थ थोडे बदलतात, ते तुमचे मिस्टर आनंदानं आणि गरजेपेक्षा जास्त वेळ समजावून सांगतील. तुम्ही फक्त सिग्नल लांबून दिसला की आधी बोलायचं, 'एक पिवळा', आणि मग त्यांच्या हाताकडे बघायचं, पडद्याकडे नाही. हात हलेल तेव्हा घड्याळ बघा, आणि गाडी खरंच हळू होईपर्यंत किती सेकंद जातात ते मोजा. माझ्या बायकोला मी कितीही समजावलं तरी पटलं नव्हतं, हे मोजल्यावर पटलं. खेळत ती अजूनही नाही, पण 'दोन पिवळे' असं स्वयंपाकघरातून ओरडते कधीकधी, पडदा दिसत नसताना, आणि बऱ्याचदा बरोबर असतं कारण इंजिनाचा आवाज उतरलेला तिला ऐकू येतो.

एकच विनंती, शेवटच्या दीड किलोमीटरला असताना 'उद्या डब्याला काय करू' हे विचारू नका. पॉजचं बटण असतं हे मला माहितीये, त्यांनाही माहितीये. पण अर्धा ब्रेक लागलेला असताना पॉज केलं की परत आल्यावर हात कुठे होता आणि हवा किती उरली होती तेच आठवत नाही, आणि मग गाडी जाते प्लॅटफॉर्मच्या दीड डबा पुढे. दोन मिनिटं थांबा, भेंडी काय आणि गवार काय, चालेल म्हणतील.